बोनटची चकाकी डब्यात नसते, घासण्यात असते

आपला भंडारा जिल्हा धानाचा. धानाच्या बांधीत चालणारा ट्रॅक्टर कोरडवाहू रानातल्या ट्रॅक्टरसारखा सुखी नसतो. चिखलणीच्या दिवसांत तो सकाळपासून संध्याकाळपर्यंत चिखलपाण्यात. रोवणी आटोपली की ट्रॉलीवर युरिया आणि डीएपीच्या पोत्यांची ने-आण. पुढे धान कापणी, मळणी, मग धान खरेदी केंद्राच्या फेऱ्या. दोन-तीन वर्षे अशी गेली की बोनट फिके पडते, मडगार्डच्या आतल्या बाजूला पोपडे सुटतात आणि ट्रॉलीच्या फाळक्यांच्या सांध्यातून तांबडे पाणी गळू लागते.

मग शेतकरी बंधू गाडी पेंटरकडे नेतात. दोन दिवसांत ट्रॅक्टर नव्यासारखा चकचकीत होऊन घरी येतो. दसऱ्याला हार घालून पूजा होते, पाहणारा म्हणतो, "वा, नवा घेतला का?" आणि पुढचा पावसाळा संपत नाही तोच चकाकी गेलेली असते, जुना गंज नव्या रंगातून वर आलेला असतो. पैसे गेले, दोष मात्र रंगाच्या कंपनीला.

दोष बहुतेक वेळा कंपनीचा नसतो. घाईचा असतो. पक्क्या चकाकीचे काम पत्र्यावर कसे होते आणि पेंटरकडून ते कसे करून घ्यावे, हे या लेखात पाहू. कर्जाचे हप्ते फेडत घेतलेल्या यंत्राचा पत्रा कुजला तर विकताना किंमत पडते, म्हणून हा विषय नुसत्या दिखाव्याचा नाही. आणि रंगकाम करणाऱ्याच्या छातीशी, गोठ्यातल्या जनावराशी त्याचा थेट संबंध आहे, तेही पुढे सांगणार आहे.

चकाकी म्हणजे काय?

गावच्या बोडीकडे पाहा. वारा नसला की काठावरचे झाड पाण्यात जसेच्या तसे दिसते. वाऱ्याची झुळूक आली, बारीक लाटा उठल्या, की तेच झाड फिसकटते. पाणी तेच, प्रकाश तोच; पृष्ठभाग हलला एवढेच. रंगाचेही तसेच आहे. पृष्ठभाग सपाट असेल तर प्रकाश एका दिशेने परत येतो आणि पत्रा आरशासारखा दिसतो. पृष्ठभागावर बारीक खडबड असेल तर प्रकाश चारी दिशांना विखुरतो आणि रंग मळकट वाटतो.

यावरून एक गोष्ट लक्षात घ्या. सर्वांत वरचा हात फार तर केसाच्या जाडीइतका असतो. एवढा पातळ थर खालचे खड्डे भरू शकत नाही, उलट उठावाने दाखवतो. घासकागदाचा ओरखडा, पुट्टीची कड, गंजाचा दाणा, सगळे चकचकीत रंगाखाली जास्तच दिसते. भंडाऱ्याला हे वेगळे शिकवायला नको. आपला जिल्हा पितळी भांड्यांसाठी ओळखला जातो. पितळेची झळाळी कोणी वरून ओतत नाही, ती घासून आणावी लागते. पत्र्यावरच्या रंगाचीही चकाकी निम्म्याहून अधिक घासण्यातूनच येते.

आधी पाहा, रंग द्यायची खरेच गरज आहे का?

कारखान्यात पत्रा आधी तेलकटपणा जाईपर्यंत धुतात, त्यावर फॉस्फेटचा थर चढवतात. मग विजेचा प्रवाह सोडलेल्या प्रायमरच्या हौदात तो बुडवतात आणि साधारण १६० ते १८० अंश तापमानाच्या भट्टीत भाजतात. प्रायमर सांध्यात, कोपऱ्यात, पोकळीत सगळीकडे पोचतो. वरचा रंगही भट्टीतच पक्का होतो. आपल्या डेंटर-पेंटरकडे हौद नाही आणि भट्टीही नाही. म्हणून कंपनीचा मूळ रंग शाबूत असेल तर तो खरवडून काढणे म्हणजे नुकसान आहे.

फिक्या पडलेल्या बोनटवर आधी एक साधी परीक्षा करा. हाताएवढी जागा साबणाने धुऊन कोरडी करा आणि रबिंग कंपाउंड मऊ फडक्यावर घेऊन हलक्या हाताने पाच मिनिटे चोळा. उन्हाने मेलेला वरचा पापुद्रा निघून खालून ताजा रंग दिसला, तर रंग जिवंत आहे. अशा बोनटला नुसते कंपाउंड, पॉलिश आणि मेण पुरते. खालचा प्रायमर दिसू लागला, किंवा नखाने रंग उचलला जातो असे आढळले, तरच नव्या रंगाचा विचार करा. आणि तोही खराब झालेल्या भागापुरताच. मडगार्ड कुजले म्हणून धड बोनट सोलण्याचे कारण नाही.

गंज उपटा, झाकू नका

शेतात हराळीची मुळी राहिली तर वरून कितीही नांगरा, ती पुन्हा फुटते. गंजाचे तसेच आहे. गंज लोखंडातून ओलावा आणि हवा घेऊन वाढतो. रंगाखाली थोडा जरी राहिला तरी तो आतल्या आत सरकत जातो, आणि एक दिवस फोड आला की समजावे, खाली हाताएवढी जागा गेली. खताचा अंश असेल तर काम आणखी लवकर होते. युरिया, डीएपी, पोटॅश हे ओलावा ओढून धरतात आणि पत्र्याच्या सांध्यात खारट पाणी साठवून ठेवतात.

म्हणून क्रम असा ठेवा. पहिल्यांदा धुणे. मडगार्डच्या आतला वाळलेला चिखल खरवडून भरपूर पाण्याने धुवा. त्यानंतर तेल, ग्रीस, डिझेल साबणाने आणि शेवटी थिनरच्या स्वच्छ फडक्याने काढा. हे घासण्याच्या आधीच झाले पाहिजे. नाहीतर कागद तेल पुसत नाही, ते पत्र्याच्या ओरखड्यांत दाबून बसवतो. मग रंग मारला की त्यात माशाच्या डोळ्यांसारखे गोल खळगे पडतात.

नंतर गंज. ८० किंवा १२० नंबरचा कागद, तारेचा ब्रश, जमल्यास ग्राइंडर. पांढरा पत्रा दिसेपर्यंत घासायचे. खोल टिपक्यांत शिरलेल्या गंजाला फॉस्फरिक आम्लाचे गंजनाशक द्रावण लावतात. ते डब्यावर लिहिलेल्या वेळेपुरते ठेवून, सांगितल्याप्रमाणे धुऊन पुसून, पत्रा पूर्ण वाळवा. हातमोजे आणि चष्मा घालूनच हे काम करा. पत्रा चाळणी झाला असेल तर पुट्टीने भोक बुजवू नका. तेवढा तुकडा कापून नवा पत्रा जोडून घ्या. पुट्टीने बुजवलेले भोक पहिल्या पावसात मागून पाणी पिते आणि पुढून फुगते.

उघडा झालेला पत्रा त्याच दिवशी प्रायमरखाली गेला पाहिजे. रात्रभर तसाच ठेवला तर सकाळच्या दवाने त्यावर तांबूस छटा येते.

प्रायमर आणि पुट्टी

प्रायमर हा पत्रा आणि रंग यांच्यातला गोंद आहे. उघड्या पत्र्यासाठी इपॉक्सी प्रायमर सर्वांत भरवशाचा. दुकानात स्वस्त मिळणारा रेड ऑक्साइड प्रायमर ट्रॉलीच्या चेसीला, नांगराला, वखराला ठीक आहे, पण त्यावर एनामलच चालते. त्याच्यावर एनसी किंवा पीयू रंग मारला तर तिखट थिनर खालचा प्रायमर उचलतो आणि पृष्ठभागावर सुरकुत्या पडतात. हा दोष नंतर कशानेही जात नाही, सगळे खरवडावे लागते. प्रायमर आणि वरचा रंग एकमेकांशी जमतात का, हे घेतानाच दुकानदाराला विचारा, आणि शक्य तो दोन्ही एकाच कंपनीचे घ्या.

पोचा आधी ठोकून सरळ करायचा, पुट्टी फक्त उरलेल्या बारीक खोलगटपणासाठी. आपले पेंटर तिला लांबी म्हणतात. जाड थापलेली पुट्टी ट्रॅक्टरच्या हादऱ्यांनी तडकते. हार्डनर मिसळायची पुट्टी कोरडीच घासा. ती पाणी शोषून धरते आणि तेच पाणी पुढे फोड आणते. सपाटी पाहायला हातावर विश्वास ठेवा. डोळे मिटून तळवा फिरवला की डोळ्याला न दिसणारा उंचवटाही लागतो. कागद नुसता बोटांनी धरू नका. लाकडाच्या किंवा रबराच्या ठोकळ्यावर गुंडाळा, नाहीतर बोटांचे चर पडतात.

पुट्टीवर भरीचा प्रायमर, तो वाळल्यावर ३२० नंबरच्या आणि मग ४०० ते ६०० नंबरच्या वॉटर पेपरने पाण्यात घासणे. पुट्टीची कड दिसेनाशी होईपर्यंत हे चालू ठेवायचे. पेंटरचा सगळा कस इथे लागतो, आणि घाईचे काम इथेच कापले जाते. एक हात रंग कमी मारला तर गिऱ्हाइकाला दिसते, एक दिवस घासणे कमी केले तर त्या दिवशी कोणालाच दिसत नाही. ते दिसते वर्षाने.

कोणता रंग निवडावा?

बाजारात मुख्यतः तीन प्रकार मिळतात.

पहिला, सिंथेटिक एनामल. ब्रशने देता येतो, स्वस्त आहे. हवेतला ऑक्सिजन घेऊन तो हळूहळू पक्का होतो. वरून रात्रभरात वाळला तरी आतून पिकायला आठ-पंधरा दिवस लागतात. उन्हात दोन-तीन वर्षांत तो पांढुरका पडू लागतो. ट्रॉली, वखर, पेरणीयंत्र यांना हा पुरे.

दुसरा, एनसी म्हणजे नायट्रोसेल्युलोजचा रंग. १९२३-२४ च्या सुमारास अमेरिकेत ड्यूपॉन्ट कंपनीने तो 'ड्यूको' या नावाने मोटारींसाठी आणला. त्याआधी तेलाच्या व्हार्निशवर मोटार रंगवायला आठवडे लागत, ते काम दिवसांवर आले. आपल्याकडचे जुने पेंटर अजूनही याला ड्यूकोच म्हणतात. थिनर उडाला की रंग वाळला, म्हणून धूळ बसायला वेळ मिळत नाही आणि कंपाउंड मारले की छान चमकतो. पण त्याचा थर पातळ, आणि थिनर किंवा पेट्रोल सांडले की मऊ पडतो. शिवाय बंदुकीच्या धूरविरहित दारूत जे नायट्रोसेल्युलोज असते त्याच जातीचे द्रव्य यात असते. ठिणगी, बिडी, वेल्डिंग यांच्यापासून डबा, चिंध्या आणि घासलेली भुकटी लांब ठेवा.

तिसरा, पीयू म्हणजे दोन डब्यांचा पॉलियुरेथेन. रंगात हार्डनर मिसळला की रासायनिक क्रिया होऊन घट्ट जाळे तयार होते. डिझेल, खत, ऊन यांना तो सर्वांत जास्त टिकतो आणि खोल, ओली वाटणारी चकाकी यातूनच मिळते. मोटारींच्या मेटॅलिक रंगावर जो पारदर्शक क्लिअर कोट देतात तोही बहुधा याच जातीचा असतो. त्यातली ऊन अडवणारी द्रव्ये खालच्या रंगाला सांभाळतात. ट्रॅक्टरच्या लाल, निळ्या, हिरव्या साध्या रंगाला स्वतंत्र क्लिअर कोटाची गरज नसते, चांगला पीयू रंगच पुरतो. हार्डनर डब्यावर लिहिलेल्या प्रमाणातच मापाने घाला. जास्त घातला म्हणून रंग जास्त पक्का होत नाही, ठिसूळ होतो. मिसळलेला रंग ठरलेल्या तासांत संपवावा लागतो, उरलेला उद्यासाठी ठेवता येत नाही.

बोनट आणि मडगार्ड यांना पीयू, ट्रॉलीला चांगल्या प्रायमरवर एनामल, अशी वाटणी खिशाला परवडणारी आणि टिकणारी आहे.

रंगकामालाही हंगाम असतो

पोळा ते दसरा या काळात पेंटरकडे गर्दी होते. सणाला गाडी सजावी ही हौस रास्त आहे, पण आपल्या भागात हा काळ दमट हवेचा. हवेत ओलावा फार असला की एनसी रंगावर दुधासारखी पांढरट साय येते, एनामल वाळत नाही आणि पत्र्यावर न दिसणारे पाणी रंगाखाली अडकते. उलट मे महिन्याच्या उन्हात पत्र्यावर हात ठेववत नाही. तेव्हा फवारा पत्र्यावर पोचेपर्यंत अर्धा वाळतो, पृष्ठभाग वाळूसारखा खरखरीत होतो किंवा बुडबुडे येतात.

उत्तम काळ म्हणजे धान घरात आल्यानंतर, डिसेंबर ते फेब्रुवारी. त्यातही दव पूर्ण उडाल्यावर, साधारण सकाळी अकरा ते दुपारी तीन. शेजारी मळणी चालू असेल तर त्या दिवशी रंग नको. धानाचे कूस उडून ओल्या रंगावर बसले की निघत नाही. जमीन पाणी शिंपडून धूळ बसवा. सणासाठी गाडी हवीच असेल तर दसऱ्याला धुऊन, कंपाउंड मारून पुजा आणि रंगकाम हिवाळ्यात करा.

गनचा हात

कॉम्प्रेसरच्या टाकीत हवेतले पाणी साठते. काम सुरू करण्यापूर्वी खालचा नळ उघडून ते सोडलेच पाहिजे, आणि नळीला पाणी अडवणारा गाळक हवा. रंग बारीक जाळीतून गाळून घ्या. गन पत्र्यापासून सुमारे वीतभर अंतरावर, काटकोनात. मनगट वळवून नव्हे, अख्खा हात सरळ नेत, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवत. आपण फवारणी पंपाने शेंड्यापासून बुडापर्यंत सारखी फवारणी करतो, तसाच हा हिशेब आहे. एकदम जाड मारला तर ओघळ येतात, फार लांबून मारला तर नागपुरी संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा येतो. पहिला हात हलका, मग दोन भरीव हात. प्रत्येक हातानंतर डब्यावर सांगितल्याप्रमाणे दहा-पंधरा मिनिटे थिनर उडू द्यावा.

बोनट, मडगार्ड शक्य तो खोलून वेगळे रंगवा. रेडिएटरच्या जाळीवर, हायड्रॉलिकच्या चकचकीत दांड्यावर, रबरी नळ्यांवर आणि ग्रीस निपलवर रंग जाऊ देऊ नका. सायलेन्सरला साधा रंग जळतो, त्याला उष्णता सोसणारा ॲल्युमिनियम रंग वेगळा येतो.

शेवटची आरशाची चकाकी

रंग कडक झाल्यावर संत्र्याची साल, बसलेला धुळीचा कण, लहानसा ओघळ हे काढता येतात. १५०० आणि मग २००० नंबरचा वॉटर पेपर, साबणाच्या पाण्यात बुडवून, ठोकळ्यावर धरून हलक्या हाताने. पृष्ठभाग एकसारखा मंद दिसू लागला की थांबा. मग कंपाउंड, नंतर बारीक पॉलिश. मशीन वापरत असाल तर एका जागी रेंगाळू नका, रंग तापून भाजतो. कडा आणि उंचवट्यांवर रंग सर्वांत पातळ असतो, तिथे मशीन नेऊच नका.

पारख सोपी आहे. ट्यूबलाइटखाली किंवा खिडकीसमोर उभे राहून प्रतिबिंबाची कड पाहा. कड सरळ, धारदार दिसली तर काम सफाईचे. लाटेसारखी हलली तर सपाटी कच्ची. धूसर दिसली तर पॉलिश कमी.

तोंडाला फडके पुरत नाही

२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावरच्या फवारणीतून शेतकऱ्यांना आणि मजुरांना विषबाधा झाली, कित्येकांचे प्राण गेले. तेव्हापासून फवारणी करताना संरक्षक कपडे घाला म्हणून आम्ही गावोगाव सांगतो. रंगाच्या गनलाही तोच नियम लागू आहे. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचे द्रव्य असते. १९८४ साली भोपाळमध्ये जो वायू सुटला तो याच कुळातला. हार्डनर म्हणजे तो वायू नव्हे, पण त्याचा बारीक फवारा वारंवार छातीत गेला तर कायमचा दमा जडतो. एकदा शरीर त्याला चिडले की पुढे थोड्याशा वासानेही धाप लागते.

तोंडाला बांधलेला दुपट्टा किंवा धुळीचा साधा मास्क इथे काही अडवत नाही. रंगाच्या वाफेसाठी असलेला काडतुसाचा मास्क, आणि जे रोज हे काम करतात त्यांच्यासाठी बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क हवा. चष्मा, हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे. बंद खोलीत काम नको. आपला पेंटर बिनमास्कचा काम करत असेल तर गिऱ्हाईक म्हणून त्याला बोला. दोन पैसे जास्त लागले तरी चालतील, पण आपल्या बोनटच्या चमकेसाठी कोणाची छाती जाऊ नये. मुलांना ट्रॅक्टरचा रंग पाहायला जवळ उभे करू नका.

गोठ्याजवळ घासू नका

जुन्या पिवळ्या, नारिंगी, लाल रंगांत शिसे असू शकते. घरगुती व सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण ९० पीपीएमच्या आत ठेवण्याचा केंद्र सरकारचा नियम २०१६ चा, १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झालेला. पण तो यंत्रांच्या औद्योगिक रंगांसाठी नाही. म्हणून जुनी ट्रॉली, जुने ट्रॅक्टर घासताना शिसे आहे असेच धरून चाला. कोरडी भुकटी उडवण्यापेक्षा जुना रंग ओला करून घासा, खाली ताडपत्री अंथरा आणि जमा झालेले पोपडे गोळा करून मुले व जनावरे पोचणार नाहीत असे बंद डब्यात ठेवा. शेणखताच्या खड्ड्यात टाकू नका, जाळूही नका.

जनावरांना चाटायची सवय असते. रंगाचे पोपडे, फेकलेले रंगाचे डबे, फुटक्या बॅटऱ्या ती चाटतात आणि शिशाची विषबाधा होते. वासरांना धोका जास्त. जनावर एकाएकी आंधळ्यासारखे चालते, दात खाते, लाळ गाळते, भिंतीला डोके लावून उभे राहते. अशी लक्षणे दिसली तर ताबडतोब पशुवैद्यकीय दवाखाना गाठा आणि घरी रंगकाम झाले होते हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. तणसाच्या ढिगाशेजारी तर घासकाम मुळीच नको. भुकटी तणसावर बसते आणि तेच वैरण म्हणून गव्हाणीत जाते.

नंबर, रंग आणि रिफ्लेक्टर

गाडीचा रंग नोंदणीच्या कागदावर लिहिलेला असतो. तोच रंग पुन्हा द्यायचा असेल तर प्रश्न नाही. रंगच बदलायचा असेल तर आरटीओकडे नोंद करून घ्या. लष्करी ऑलिव्ह हिरवा रंग खासगी वाहनाला देता येत नाही. चेसी नंबर, इंजिन नंबर आणि कंपनीची पट्टी यांवर चिकटपट्टी लावूनच रंग मारू द्या. अनुदानावर घेतलेल्या अवजाराची मोका तपासणी होते, तेव्हा क्रमांक वाचता आला पाहिजे.

सर्वांत महत्त्वाचे, ट्रॉलीचे रिफ्लेक्टर. रंगवताना ते काढले जातात किंवा रंगाखाली जातात आणि मग कोणी लावत नाही. भंडारा, लाखनी, साकोलीतून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५३, म्हणजे आपला जुना सहा नंबर, रात्रंदिवस ट्रकांनी भरलेला असतो. दिवसा कितीही चकाकणारी ट्रॉली रात्री अंधारात दिसत नाही. रंगाचे पैसे देण्यापूर्वी मागे लाल रिफ्लेक्टर आणि चमकपट्टी लागली की नाही, हे स्वतः बॅटरी मारून पाहा.

ग्रामपंचायत आणि अवजारे बँकांसाठी

ग्रामपंचायतीची घंटागाडी, पाण्याचा टँकर, गटांच्या अवजारे बँकेतली यंत्रे यांचे रंगकाम दरपत्रकावर होते. दरपत्रकात नुसते 'रंगकाम करणे' असे लिहिले तर सर्वांत कमी दराचा माणूस गंजावरच रंग मारून मोकळा होतो आणि त्याला विचारायला काही आधार राहत नाही. म्हणून कामे वेगवेगळी लिहा: धुणे व तेलकटपणा काढणे, गंज पांढऱ्या पत्र्यापर्यंत काढणे, कुजलेला पत्रा बदलणे, प्रायमरचा प्रकार व हात, रंगाचा प्रकार व हात, रिफ्लेक्टर लावणे. गंज काढून झाल्यावर एकदा आणि प्रायमरनंतर एकदा अशी दोन वेळा पाहणी ठेवा. वरचा रंग चढल्यावर खालचे काही दिसत नाही. खासगी शेतकऱ्यांनीही पेंटरशी असेच बोलून घ्यावे आणि मधल्या टप्प्याला एक चक्कर मारावी. पाण्याच्या टाकीच्या आतल्या बाजूला वाहनाचा रंग चालत नाही, हेही ध्यानात असू द्या.

निगा राखली तरच टिकेल

पहिला महिना नव्या रंगाला मेण लावू नका आणि कडक साबण लावू नका. साध्या पाण्याने धुवा. पुढे दर तीन-चार महिन्यांनी मेणाचा हात द्या, विशेषतः चिखलणीच्या आधी. चिखलणीत किंवा खताच्या वाहतुकीत गेलेला ट्रॅक्टर त्याच संध्याकाळी धुवा. बोनट वरून धुऊन भागत नाही, मडगार्डच्या पोटात पाईप धरा. धुण्याचा सोडा, कपड्यांची पावडर वापरू नका, चकाकी मरते. चमकावी म्हणून डिझेलचा फवारा मारतात, तो तर बंदच करा. त्याने तासभर चमक येते, मग धूळ चिकटते आणि रबर फुगते. चिखल वाळल्यावर कोरड्या फडक्याने पुसू नका. आपल्या मातीतली रेती म्हणजे घासकागदच. दगड लागून रंग उडाला तर त्याच आठवड्यात घासून प्रायमरचा ठिपका द्या. आज बोटाएवढे काम आहे, पावसाळ्यानंतर ते हाताएवढे होईल. गाडी उभी करायला छप्पर नसेल तर चिंचेखाली, आंब्याखाली उभी करण्यापेक्षा साधा मांडव घाला. पक्ष्यांची विष्ठा आणि झाडाचा चीक रंग खातात.

बियाणे कितीही उंची घेतले तरी बांधी नीट चिखललेली नसेल तर रोवणी साधत नाही, हे प्रत्येक धान उत्पादकाला ठाऊक आहे. रंगाच्या डब्याचेही तसेच समजा. येत्या हिवाळ्यात पेंटरकडे जाल तेव्हा "किती दिवसांत देतो?" हा प्रश्न नंतर विचारा. आधी विचारा, "घासायला किती दिवस घेशील?" जो पेंटर या प्रश्नाचे नीट उत्तर देईल, त्याच्याकडे गाडी निर्धास्त सोडा.